डाव्या कोपऱ्यातली जागा

३ जुलै

संघाच्या सरांनी सगळ्यांना आपापल्या खेळाबद्दल लिहायला सांगितलं आहे. कोणाला दाखवायचं नाही, असंही म्हणाले. म्हणून लिहिते आहे. दाखवायचं असतं तर लिहिलं नसतं.

आधी सद्यस्थिती. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणायचा आणि जिला द्यायचा तिला द्यायचा. बास्केट करणं हे माझं काम नाही. माझी ओळख पासची आहे: न बघता दिलेला, नेमका. संघात मला फूटपट्टी म्हणतात, ज्युनिअर मुली पट्टीताई. हे नाव शिडीने ठेवलं. शिडीचं नाव कोणी ठेवलं नाही. तिच्याकडे मान वर करून बघितलं की ते आपोआप सुचायचं.

शिडी डाव्या कोपऱ्यात खेळायची. माझे निम्म्याहून जास्त पास तिच्याकडे जायचे. मे महिन्यात ती सुट्टीला घरी गेली, तिथे तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. हे इथे एकदाच लिहिते आहे. त्यात पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

वीज कंपनीचा महिला संघ दरवर्षी कॉलेजांमधून दोन-तीन मुली घेतो. नोकरीही तिथेच आणि खेळही. मला तिथे जायचं आहे. दुसरं काही नको आहे. हे आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, आवडला तर चाचणीला बोलावतात.

९ जुलै

आज पुन्हा चेंडू बाहेर गेला. पुन्हा डाव्या कोपऱ्यातूनच.

तिथे आता गोटी खेळते. दुसऱ्या वर्षाची, उंचीने माझ्या कानापर्यंत, आणि तोंड सतत चालू. मी पास दिला तेव्हा ती कोपऱ्यात नव्हतीच, बास्केटकडे निघाली होती. चेंडू रिकाम्या जागेतून सरळ गेला आणि भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्यांवर आदळला.

सर म्हणाले, "तिकडे कोण उभं आहे? तुझी मावशी?"

मुली हसल्या. मग हसणं मधेच थांबलं. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवताच खाली सोडली. गोटी चेंडू आणायला धावली आणि तिकडूनच म्हणाली, "माझंच चुकलं सर, मी आधीच निघाले."

तिचं चुकलं नव्हतं. माझा चेंडू हातातून थोडा उशिरा सुटतो आहे. मनगट बघायला हवं. सरांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर स्पर्धेत ते मला बाकावर बसवतील. आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे ते खरं असावं.

१५ जुलै

रविवार. दुपारभर खोलीत बसून व्हिडिओ कापला.

पहिला प्रयत्न: शिडी नसलेले पास. मिनिटभराचं सुद्धा जमलं नाही. जे जमलं ते बघताना कोणीतरी टेम्पोतून सामान उतरवून देतं आहे असं वाटतं. दुसरा प्रयत्न: सगळ्यात चांगले पास, कोणाला दिले ते न बघता. चार मिनिटं सहज भरली. प्रत्येक पासच्या शेवटी तेच दोन हात.

दुसरा पाठवला. व्हिडिओ माझ्या खेळाचा आहे. पकडणारी कोण, हा प्रश्न त्यात येत नाही.

आईचा फोन आला. म्हणाली, "आवाज का असा? सर्दी झाली का?" नाही म्हटलं. "मग मुलाखतींची तयारी कर. तो चेंडू काय पोटाला घालणार आहे तुला?" मी म्हटलं, घालेलही. ती म्हणाली, "बापावर गेलीस," आणि फोन बाबांकडे दिला. बाबा नेहमीप्रमाणे फक्त हं हं म्हणाले.

२६ जुलै

वीज कंपनीच्या संघाच्या मॅडमचा फोन आला. स्वतः खेळायच्या, गुडघा गेल्यावर शिकवायला लागल्या. भरभर बोलतात, आणि बोलताना मागे कुठेतरी चेंडू आपटत असतो.

"तुझा व्हिडिओ बघितला. दोनदा बघितला. ती डाव्या कोपऱ्यातली ताडमाड कोण गं?"

"शिडी."

"शोभतं. तिने का नाही पाठवला व्हिडिओ?"

मी म्हटलं, "तिला बरं नाही."

"काय झालं?"

"ताप आहे."

"मग उतरेल की. हे बघ, मला तुम्ही दोघी हव्यात. नुसती पास देणारी घेऊन काय करू, लोणचं घालू? चाचणीला दोघी या. डाव्या कोपऱ्याची जागा मी भरत नाही, तिच्यासाठी ठेवते. बुटाचं माप काय तिचं? एवढे मोठे इथं मिळत नाहीत, मागवावे लागतात. चाचणीच्या दिवशी अडायला नको."

मी माप सांगितलं. मला ते ठाऊक होतं. बूट घ्यायला ती मला बरोबर न्यायची. पुरुषांच्या बुटांच्या दुकानात एकटीला जायची तिला लाज वाटायची. आत गेल्यावर "भावासाठी हवेत" म्हणायची आणि स्वतःच घालून बघायची.

२७ जुलै

काल सांगितलं ते खोटं नव्हतं. ताप आला होता. माहिती जुनी होती, इतकंच. पुढच्या फोनला सांगून टाकीन.

३१ जुलै

मॅडमचा पुन्हा फोन. पहिलाच प्रश्न, "कशी आहे आपली आजारी?"

मी म्हटलं, "ताप उतरला."

"शाब्बास. अशक्तपणा असेल. आठवडाभर धावू देऊ नकोस तिला."

"नाही देणार."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. का, ते कळलं नाही. संध्याकाळी सरावात एकही चेंडू बाहेर गेला नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध असण्याचं कारण नाही.

४ ऑगस्ट

शिडीच्या आईचा फोन आला. काकू मला फारसं ओळखत नाहीत. म्हणाल्या, "तुझ्याकडं तिच्या खेळाचे व्हिडिओ असतील ना गं? आम्ही कधी बघायलाच आलो नाही. तिचे बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ."

माझ्याकडे चार मिनिटांचा तोच तयार होता. तोच पाठवला.

८ ऑगस्ट

काकूंचा फोन. त्यांनी व्हिडिओ शेजाऱ्यांना, वाण्याला आणि कपडे इस्त्री करणाऱ्याला दाखवला आहे. आवाज हसरा होता, म्हणजे हसरा ठेवलेला होता.

"एक विचारू का? रागवू नकोस हं. मला त्यातलं काही कळत नाही. पण तू चेंडू असा कुठंही का फेकतेस?"

"कुठंही?"

"आमची पोर बिचारी धावत असते सारखी. एकदा मागं, एकदा पुढं. एकदा तर पार वाकली, जमिनीला हात लागले तिचे. घरी पाण्याचा पेला उचलून ठेवायची नाही. आणि इथं बघ."

मी समजावून सांगितलं की तो खेळाचा भाग असतो. काकू म्हणाल्या, "असेल बाई."

त्यांना खेळातलं काही कळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. तरीही तपासून बघायला हरकत नव्हती. व्हिडिओ अगदी हळू केला आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेले. आतापर्यंत मी नेहमी चेंडू बघत होते. आज तिचे पाय बघितले.

चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आधी ती निघालेली असते. प्रत्येक वेळी. बोटं चेंडूवर कशी बसली आहेत ते बघून, बहुधा माझ्या खांद्यावरूनही, चेंडू कुठे चुकणार आहे ते तिला कळायचं. चेंडू मागे पडणार असेल तर एक पाऊल मागे. लांब जाणार असेल तर हात आधीच बाहेर. आणि चेंडू हातात येईपर्यंत तिचं सगळं असं जागेवर आलेलं असायचं की ती तिथेच उभी होती असं वाटावं. मलाही तसंच वाटायचं.

यातला एकही पास नेमका नव्हता.

९ ऑगस्ट

प्रयोगशाळेत वजनकाटा तपासायचा असतो तेव्हा खात्रीचं वजन ठेवून बघतात. ते वजन स्वतःच काट्याच्या चुकीनुसार हलकं-जड होत असेल तर काटा कायम बरोबर दाखवेल. असं वजन जगात नसतं, म्हणून आम्हाला ते शिकवत नाहीत.

तिने मला हे कधी सांगितलं नाही. फूटपट्टी म्हणायची, सगळ्यांसमोर, मोठ्याने. ती थट्टा होती का, ते आता विचारता येणार नाही.

१३ ऑगस्ट

मॅडम म्हणाल्या, "चालती-फिरती झाली का?"

"हो. गॅलरीत फेऱ्या मारते."

"आणि भूक?"

"आली आहे. रात्रीचं उरलेलं सुद्धा सोडत नाही."

"लक्षण चांगलं आहे. तिलाच दे ना जरा फोन."

"घरी आहे ती. मी हॉस्टेलवर."

"बरं बरं. सांग तिला, वाट बघतेय म्हणावं. तिच्यासारखी मुलगी मी फार वर्षांत बघितली नाही."

त्यांच्या घराला गॅलरी आहे. मी पाहिलेली आहे. मे महिन्यात तिथे इतकी माणसं होती की मला चप्पल काढायला जागा मिळाली नाही, म्हणून मी खाली जिन्यापाशीच उभी होते. आता त्याच गॅलरीत ती फेऱ्या मारते, कठड्यावर हात ठेवून, वळताना थोडी थांबून. मी मॅडमना सांगितलं त्याहून जास्त मला दिसतं.

१८ ऑगस्ट

बूट आले.

खेळाच्या साहित्याच्या खोलीचे मामा खोका घेऊन मैदानावरच आले. वर शिडीचं नाव, कॉलेजचा पत्ता, कोपऱ्यात वीज कंपनीचा शिक्का. मामा म्हणाले, "हे काय झालं म्हणायचं? त्यांना ठाऊक नाही वाटतं. परत धाडू?"

मी म्हटलं, "राहू द्या, मी बघते."

गोटी तोवर येऊन पोचली होती. तिने झाकण उघडलं, कागद बाजूला केला. पांढरे बूट होते, तळव्याला निळी रेघ. गोटीने आपला बूट काढून पाय आत घातला. पुढे निम्मा बूट रिकामा.

"होडी आहे ही," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पट्टीताई, शिडीताईला घेतलं होतं का त्यांनी? आधीच?"

मी झाकण उचललं.

"नाही, मी का विचारते, सरांनी माझं नाव पाठवलं होतं ना तिकडे. शेवटच्या वर्षाच्या आधी पण घेतात म्हणे, कोपऱ्यातली हवी असेल तर. तर त्यांचं उत्तर आलं, डावा कोपरा भरलाय. सर म्हणाले, कोणीतरी पक्की असेल त्यांच्याकडे." ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती. "जाऊ दे. असेल कोणी चांगली. माझ्यापेक्षा उंच तरी असेलच, त्यात काय कौतुक."

मी खोका बंद केला. माझ्या खोलीत आणून ठेवला आहे. खाटेखाली मावत नाही, म्हणून टेबलावर.

१९ ऑगस्ट

मॅडमना खरं सांगितलं तर मला बोलावणार नाहीत. त्यांना दोघी हव्या आहेत हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. नाही सांगितलं तर गोटीची जागा अडते. चाचणीच्या दिवशी सगळं उघडं पडेल हे तर आहेच. पण तोवर मी मैदानात उतरलेली असेन, मला एकटीला बघतील, कदाचित चालून जाईल. तिथे पोचल्यावर सांगायचं: पुन्हा ताप आला. कोणाचंही असं होतं. मग ती जागा हळूहळू मोकळी होईल, गोटीलाही बोलावतील.

लिहिल्यावर हे नीट दिसतं आहे. कुठे फट नाही.

२३ ऑगस्ट

चाचणी झाली. क्रमाने लिहिते.

सकाळची बस. खोका शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, "इथं कोण आहे?" मी म्हटलं, "आहे एक जण." त्याने खिडकीबाहेर बघितलं, मागे बघितलं, आणि पुढे गेला. वाटेत उभी असलेली माणसं त्या सीटकडे बघत होती, पण कोणी बसलं नाही.

मॅडम हॉलच्या दारातच होत्या. लंगडत पुढे आल्या, माझा हात धरला आणि माझ्या डोक्यावरून मागे बघायला लागल्या. उंच माणसाला शोधताना बघतात तसं, वरच्या बाजूला.

"कुठंय ती? रिक्षाचे पैसे देतेय का?"

पुन्हा ताप आला, हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं. ते निघेना. ती एवढी बरी झाली होती. जेवायला लागली होती, फेऱ्या मारत होती. तिला पुन्हा आजारी पाडायचं माझ्याने होईना.

मी म्हटलं, "ती वारली."

मॅडमनी हात सोडला नाही. "कधी? आत्ता? चालायला लागली होती ना?"

"मे महिन्यात."

त्या मनात हिशेब करत होत्या, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "म्हणजे मी पहिला फोन केला तेव्हा—"

"हो."

"आणि ताप उतरला, गॅलरी, भूक?"

"हो."

त्या बाकावर बसल्या. गुडघा चोळत राहिल्या. आत मुलींची पळापळ चालू होती, बूट करकरत होते. मग म्हणाल्या, "मी त्या जागेसाठी आलेल्या मुलींना नाही म्हटलं गं. नावं सुद्धा नीट वाचली नाहीत."

"त्यातली एक आमची आहे. गोटी म्हणतात तिला. बुटकी आहे, पण तिला बोलवा."

"आणि तू? तुझं काय?"

मग मी दुसरीही गोष्ट सांगितली, कारण ती सांगितली नसती तर पहिलीला अर्थ उरला नसता. म्हटलं, "तो व्हिडिओ हळू करून बघा. माझे पास नेमके नाहीत. ती सावरून घ्यायची. तिचे पाय बघा."

मॅडम म्हणाल्या, "ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणून तर दोघी या म्हटलं."

मी उभी होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे कुठे बघावं ते कळेना.

"आलीच आहेस तर खेळून जा," त्या म्हणाल्या. "तो खोका राहू दे इथं."

मी खेळले. मुली चांगल्या होत्या. ज्या जागी असायला हव्यात त्या जागी होत्या. माझे चेंडू त्यांच्या हातांच्या थोडे पुढे किंवा थोडे मागे पडत होते. त्या मुली वळून आधी चेंडूकडे बघायच्या, मग माझ्याकडे, सभ्यपणे. अर्ध्या खेळानंतर मॅडमनी मला बाहेर घेतलं, आणि स्वतः उठून पाण्याची बाटली आणून दिली.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसल्या. उतरेपर्यंत त्यांना झोप लागली होती आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी हलले नाही.

३० ऑगस्ट

माझं नाव नाही. अपेक्षित होतं.

गोटीला चाचणीचं बोलावणं आलं आहे. ती पहिल्यांदा सरांकडे गेली, मग मामांकडे, मग माझ्याकडे. "पट्टीताई, ती पक्की असलेली मुलगी आलीच नाही म्हणे. माझं नशीब." मी म्हटलं, हो.

आईला फोन करून मुलाखतींच्या तारखा सांगितल्या. तिने त्या लिहून घेतल्या. मग म्हणाली, "काही झालंय का?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण गेली." "कधी?" "मे महिन्यात." आई म्हणाली, "मी उद्या येते." मी नको म्हटलं. ती उद्या येते आहे.

६ सप्टेंबर

गोटीला चाचणीसाठी सराव हवा होता म्हणून सकाळी दोघीच मैदानावर. मी पास देत होते, ती कोपऱ्यातून मारत होती. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की चेंडू बाहेर जात नाहीत.

मी थांबून विचारलं, "तू कशी पकडतेस हे?"

"म्हणजे?"

"मी नीट देत नाही."

"ते कळलंय मला," गोटी म्हणाली. "आधी मी, पास जिथं यायला हवा तिथं उभी राहायचे. पण तू जिथं कोणी नाही तिथंच टाकतेस. एवढं डोक्यात शिरलं ना, की सोपं आहे. मी आपली आधीच कोणी नाही तिथं जाऊन थांबते."

ती घाम पुसत होती. मी म्हटलं, "चाचणीत असं करू नकोस. तिथल्या मुली नीट देतात. आणि समजा दुसरीच्या चुकीसाठी तू धावलीस, तर कोणाला दिसणारही नाही."

"तुला दिसलं ना," ती म्हणाली. "चल, टाक."

मी पाणी पिऊन येते म्हटलं. नळ सोडला आणि बराच वेळ तसाच वाहू दिला. तिने तिकडून दोनदा हाक मारली.